भिकन आबांचा होकार

कोसाडच्या आवास वसाहतीत भिकन आबांना ओळखत नाही असं कुणी नाही. त्यांना ऐकू येत नाही, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. चौतीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, काढलेला कारीगर बहिरा होणारच, त्यात लाजायचं काय? पण आबांना लाज वाटायची. खात्यात चाळीस लूम एकदम धडधडायला लागले की बोलणार कोण आणि ऐकणार कोण! सगळे ओठांवरून, हातवाऱ्यांवरून समजून घ्यायचे, आणि नाहीच समजलं तर मान डोलवून मोकळे व्हायचे. खातं सुटलं, अमळनेरकडचे सोबती गावी परतले, तरी आबांची मान डोलायची काही थांबली नाही. घरातल्यांचे ओठ त्यांना पाठ होते, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

निभावलं ते दिवाळीपर्यंत. मुलगा ललित इच्छापोरला कामावर गेलेला, सून नूतन तयार साड्यांचे गठ्ठे पोचवायला खाली उतरलेली, आणि दीड वर्षाची चंचल आबांच्या हवाली. आबा खिडकीशी पाठमोरे बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होते. मागे चंचलची बोटं कपाटाच्या दारात अडकली. तिने असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरच्या काकू जिने उतरून धावत आल्या. आबा तीन हातांवर होते आणि त्यांची कात्री चालूच होती.

"आबा, व्हतात कोठे तुम्ही?" ललितने विचारलं.

"डोया लागना व्हता," आबा म्हणाले.

बसल्या बसल्या झोपणारा म्हातारा म्हणवून घेणं त्यांना परवडलं, बहिरा म्हणवून घेणं नाही. आता या अब्रूला काय म्हणावं! दुसऱ्या दिवसापासून चंचल सकाळी काकूंकडे जाऊ लागली. ललित काही वाईट बोलला नाही, फक्त "तुम्हना जीवले बी घोर नको" एवढंच म्हणाला. ते वाक्य आबांच्या काळजात रुतून बसलं. नूतन पोरीला कडेवर घेऊन दाराबाहेर पडायची, तेव्हा आबा मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसत.

मार्चमध्ये सोसायटीने पाण्याच्या टाकीजवळच्या निंबाच्या फांद्या छाटल्या. एका फांदीबरोबर खारीचं घरटं खाली आलं. निम्मं काड्यांचं, निम्मं साड्यांच्या रंगीत धाग्यांचं. आई फांदीखालीच चेंगरली होती. धाग्यांत दोन पिल्लं होती, बोटाएवढी, डोळे मिटलेली, अंगावर केस नाहीत. लोक बघून पुढे गेले. आबांनी खांद्यावरचा पंचा पसरला आणि दोघांना उचललं.

घरी येऊन त्यांनी खानदेशी माणूस करील तेच केलं: दारी आलेल्याच्या पोटात आधी काहीतरी घालायचं. चहासाठी आणलेलं म्हशीचं दूध बोटावर घेऊन त्यांनी एका पिल्लाच्या तोंडात सोडलं. पिल्लू थंडगार होतं. संध्याकाळच्या आत ते गेलं. आबांनी हाय खाल्ली. दुसरं छातीशी धरून त्यांनी रिक्षा केली आणि अमरोलीजवळचं जीवदयेचं केंद्र गाठलं.

तिथे पिंजरे भरलेले होते. ताराबेन नावाची तरुण मुलगी तोंडाला मास्क लावून एकाच वेळी तीन कबुतरांकडे बघत होती. तिने पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "काका, अंगातलं पाणी संपलंय," ती म्हणाली. "पहेलां गरमावो, पछी पाणी. दूध छेल्ले." बोलता बोलता ती सगळं करून, हातवाऱ्यांनीही दाखवत होती, म्हणून आबांना कळलं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळायची. पिल्लू उबदार झालं की ओआरएसचं पातळ, कोमट पाणी, सुई काढलेल्या सिरिंजने, थेंब थेंब. मग शेळीचं दूध, तेही पाणी घालून. पिल्लू उभं धरायचं, उताणं नाही. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, त्याशिवाय त्याला लघवी होत नाही. दर तीन तासांनी.

एवढं करून दाखवल्यावर ती पुन्हा कबुतरांकडे वळली आणि मास्कच्या आडून आणखी काहीतरी बोलली. हातांची खूण नाही, ओठ दिसत नाहीत. शेवटी तिने वळून पाहिलं; "समज्या ने, काका?", समजलं ना, असंच काहीतरी विचारलं असावं.

आबांनी मान डोलावली.

त्यानंतरचे दिवस आबांच्या आयुष्यातले फार दिवसांनी आलेले कामाचे दिवस होते. मोबाइल थरथरणाऱ्या गजरावर लावून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. तो छातीवर थरथरला की म्हातारा उठलाच. कालव्याकडच्या शेळीवाल्याकडून रोज वाटीभर दूध आणायचे. सिरिंज उकळायचे. पिल्लाची कातडी चिमटीत धरून पाहायचे. तिसऱ्या दिवशी ती चटकन जागेवर बसली, तेव्हा आबांना इतका आनंद झाला की त्यांनी नूतनला हाताला धरून बोलावून दाखवलं. पाठीवर पट्टे उमटले. आठव्या दिवशी लव आली.

ललितही आता कामावरून आला की आधी पिल्लाच्या खोक्यात डोकावू लागला. एके संध्याकाळी जेवताना तो आबांकडे बघून म्हणाला, "आबा, एक बी टाइम चुकनात नही तुम्ही." मग म्हणाला, "हाई जगनं ना, ते चंचलले घरमाच ठेवसूत." आबांनी मान खाली घालून भाकरी मोडली. आता ते पिल्लू नुसतं पिल्लू राहिलं नव्हतं.

पिल्लू वाढलं तशी त्याची भूकही वाढली. ते सिरिंजला दोन्ही हातांनी झोंबायचं. अकराव्या दिवशी आबांनी लाडाने दट्ट्या जरा जोरात दाबला. नाकातून दुधाचा बुडबुडा आला. आबांनी तो हलकेच पुसला, पाठीवरून बोट फिरवलं आणि पुढचा थेंब दिला. पिल्लाने घेतला, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेराव्या दिवशी पिल्लू कमी प्यायलं. चौदाव्या दिवशी सकाळी त्याने तोंडच फिरवलं. नूतन साड्यांचा गठ्ठा सोडता सोडता आबांसमोर येऊन बसली.

"आबा, याले केंद्रमा लई जा ना. छातीमा कितलं वाजी ऱ्हायनं ते!"

आबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. "काय वाजी ऱ्हायनं?"

"टक टक. दर श्वासले."

"कव्हयपाईन?"

"दोन दिन व्हयनात. माले वाटनं तुमले माहीत शे. तुम्हना हातमा तर ऱ्हास ते दिनभर."

आबांनी पिल्लू कानाशी नेलं. अगदी कानाला टेकवलं. मग दुसऱ्या कानाला. नूतन बघत होती. तिला चार हातांवरून ऐकू येत होतं ते आबांना कानाशी धरून ऐकू येत नव्हतं, आणि हे तिला त्याच क्षणी कळलं. तिने तोंडावर हात धरला.

"दिवाळीना त्या दिनले डोया नही लागेल व्हता," आबा म्हणाले. "माले आयकू येत नही, नूतन."

केंद्रात ताराबेनने मास्क खाली ओढला आणि पिल्लू कानाशी धरलं. एवढ्या दिवसांत आबांनी तिचे ओठ पहिल्यांदाच पाहिले. "दूध फुप्फुसात गेलंय," ती म्हणाली. "आवाज सुरू झाला तेव्हाच आणायला हवं होतं. मी सांगितलं होतं, काका. नाकातून दूध आलं की छातीला कान लावायचा." ती रागावली नव्हती. तिने पिल्लाला उबेत ठेवलं, औषध दिलं. दुपारी त्याचे पाय ताठ झाले. त्याचे डोळे अजून उघडायचेच होते.

आबांनी कुणाला दोष दिला नाही. पिल्लाला स्वतः केंद्रामागच्या मातीत पुरलं. घरी आले आणि ललितची वाट बघत बसले. ललित आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, कपाटाच्या दाराचंही. ललित आबांना ओठ दिसतील असा समोर येऊन बसला. मग त्याने कानाच्या यंत्राची गोष्ट काढली, डॉक्टरची काढली. आबांनी मान डोलावली नाही. "काय म्हनना? परत सांग," असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि ललितने दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतन चंचलला काकूंकडे न्यायला आली तेव्हा आबा भिंतीकडे वळले नाहीत. त्यांनीच पोरीला उचललं, वरच्या मजल्याचा जिना चढले, आणि काकूंच्या हातात तिला देताना काही न लपवता म्हणाले, "पोर रडनी ते माले समजत नही, ताई. तुम्हीच ध्यान ठेवा." पाठ फिरवून जिन्याकडे वळले तेव्हा चंचल त्यांच्यामागे हात पसरून "आबा, आबा" ओरडत होती. ते पायऱ्या मोजत शांतपणे उतरून गेले.