बाईंचा जोडतारा आणि माझी साफसफाई

आमच्या बाई ताऱ्यांचा अभ्यास करत, पण रात्री आठलाच झोपत. दुर्बीण त्यांनी आयुष्यात घेतली नाही. "आभाळ मोठ्या दुर्बिणींनी कधीचं मोजून ठेवलं आहे. वाचाले कोणी नाही," म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या रोज दुपारच्या बसनं रामाकोन्याहून सौंसरला, माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात येत आणि कोपऱ्यातला संगणक धरून बसत. मी त्यांचा विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास.

त्यांना जोडतारे हवे असत. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड ठरल्या वेळी कमी होतो. जुन्या सर्वेक्षणांच्या आकड्यांतून त्या अशा जोड्या शोधत, आणि त्यातही विचित्र वागणाऱ्या. "सरळ वागणाऱ्यांत काय मजा? वर्गातबी माझं लक्ष तुह्याकडेच राहे," असं म्हणून हसत.

एका जोडीवर त्यांचे चार महिने गेले. तिच्या उजेडाच्या आकड्यांची यादी पुण्याच्या एका शास्त्रज्ञांकडे जायची होती. आदल्या दिवशी मी शहाणपणा केला! अर्जात न जुळणारी नोंद राहिली की अर्ज परत येतो, म्हणून ती काढायची माझी सवय. तसेच बाईंचे न जुळणारे आकडे मी खोडले आणि यादी पाठवूनही दिली.

बाईंचा चेहरा उतरला. "काहून रे काढले?"

"बाई, गलत होते. बाकीचे बरोबर वरखाली होऊन राहिले, अन् दर बावन्न दिवसांनी काही भलतेच खाली."

"किती दिवसांनी म्हणाला?"

"बावन्न. मोजले ना मी!"

बाई उठल्या, पुन्हा बसल्या. आता थप्पड बसते, असं मला वाटलं.

"गाढवा, चूक कधी ठरल्या दिवशी येते का?"

म्हणजे दर बावन्न दिवसांनी त्या जोडीच्या समोर एक तिसरा तारा येत होता. सर्वेक्षणातले मूळ आकडे शाबूत होते. बाईंनी ते पुन्हा उतरवून पाठवले. उत्तर येईपर्यंत मी रोज मेल उघडून बघत होतो. शेवटी पुण्याहून होकार आला, त्या तिसऱ्या ताऱ्यावरचा लेख छापून आला, आणि बाईंच्या नावाखाली माझं नाव! लग्नपत्रिका सोडली तर ते कुठं छापलेलं नव्हतं.

मग बाई लेकीकडे नागपूरला कायमच्या राहायला निघाल्या. बसस्टँडवर मी पाया पडलो. "बाई, मी तं तुमच्या मेहनतीचं वाटोळं करून राहिलो होतो."

"माहीत आहे," त्या खिडकीतून म्हणाल्या. "पण खोडायच्या आधी मोजले तू. शाळेत तेवढंबी कुठं करत होता!"

गाडी सुटली. मी हसत होतो, आणि डोळ्यांचं पाणी काही केल्या थांबत नव्हतं.