देवक विचारणारा कडा

स्विनुराइ या नावाचा अर्थ ‘डोळे उघडा’. आईबापांनी ते बहुधा शेजाऱ्यांना टोमणा म्हणून ठेवलं असावं; तिकडे तशी रीतच आहे. पण मुलीने ती स्वतःलाच दिलेली आज्ञा समजून जन्मभर पाळली. न्यांगाच्या डोंगरातल्या त्या गावात मुलीला मागणी घालणारा तरुण आधी तिच्या आत्याकडून तपासला जातो, आणि स्विनुराइला तीन भाऊ. म्हणजे काम भरपूर. तिने परत पाठवलेला एक जण पुढे पाद्री झाला. त्यावर ती म्हणते, “अजून वय कुठे झालंय त्याचं, बिघडायला वेळ आहे.”

धाकट्या भावाच्या मुलीला, चेनेसाइला, मागणी घालणारा तोंगाइ सुतार होता, हसतमुख होता आणि पहिल्या भेटीला येताना साखर घेऊन आला होता. तिन्ही गोष्टी आत्याला संशयास्पद वाटल्या. देवक विचारल्यावर तो म्हणाला, “एलंड.” रानातलं ते मोठं तांबूस हरीण. इथवर ठीक. पण नंतर शेजारच्या लग्नात सुक्या मासळीचा रस्सा वाढला, तेव्हा या पोराने एकेक मासळी बोटाने सारून पालेभाजीखाली पुरलेली तिने पाहिली. फुकटची मासळी टाकणारं कूळ त्या मुलुखात एकच, ज्यांचं देवक डोह आहे ते; डोहातलं काही ते खात नाहीत. आणि चेनेसाइचं देवकही डोहच. एका देवकाची माणसं बहीणभाऊ. मग गावं कितीही लांब असोत. चेनेसाइने तर सांगून टाकलं होतं, हा नाही तर कुणीच नाही. म्हणजे आत्याच्या एका होकारावर किंवा नकारावर पोरीचा जन्म टांगलेला.

म्हणून रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ती दोघांना घेऊन कड्यावर निघाली.

त्या कड्यावरून पूर्वी सरदाराचे पहारेकरी लुटारूंवर नजर ठेवत. एकदा शत्रूचा हेर पाहुणा बनून वर आला, देवक विचारल्यावर खोटं बोलला आणि धुक्याने त्याला गिळलं. तेव्हापासून तिथे खोटं देवक सांगणारा परत येत नाही. पुढे सरकारने कड्याला लोखंडी कठडा लावला. त्यानंतर कुणी नाहीसं झालेलं नाही. ते लोक खरं बोलू लागल्यामुळे की कठड्यामुळे, यावर गावात दोन तट आहेत.

“आत्या, जरा हळू,” चेनेसाइ मागून म्हणाली. “फिरायला आणलंयस की फाशी द्यायला?”

“फिरायलाच. ज्याचं मन साफ, त्याचं फिरणं होईल.”

“खालचं ते धरण का हो, आत्याबाई?” तोंगाइने विचारलं आणि मूठ वळून तिकडे दाखवलं. त्या डोंगरावर बोट दाखवायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. स्विनुराइने तेही लक्षात ठेवलं. फार शिकवून पाठवलेला दिसतो.

कड्यावर पोचल्यावर ती खाली बसली, हातांची पोकळी करून तिने टाळ्या वाजवल्या आणि डोंगराला म्हणाली, “मी डोहाची. ही पोर डोहाची. हा कोण, ते हा स्वतः सांगेल.”

तोंगाइने टाळ्या वाजवल्या. “मी एलंडचा.”

“नुसतं नाव पोपटही सांगेल. कुळाची स्तुती म्हण.”

इथे तो अडकणार, हे तिने घरीच ताडलं होतं. तिचा दिवंगत नवरा एलंडचाच; त्याने लाकडं फोडून आणली की रोज ती पूर्ण स्तुती म्हणून त्याचे आभार मानायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तिला कळणार होतं.

“तांबूस अंगाच्या, रुंद कपाळाच्या,” तोंगाइने सुरुवात केली, “कळपाच्या पुढे चालणाऱ्या... ज्याच्या तळाला सूर्य पोचत नाही, ज्याच्या काठी म्हातारेही चपला काढतात...”

“थांब!” स्विनुराइ उठलीच. “एलंडला तळ कुठून आला? ही आमची स्तुती. डोहाची!”

चेनेसाइने तोंडावर हात ठेवला. खालून धुकं वर येऊ लागलं. ते रोज याच वेळी येतं, पण अशा वेळी ते कुणाला आठवत नाही.

“तू मासळी का पुरलीस त्या दिवशी?”

“तुम्ही बघत होतात?”

“मी बघतच असते. बोल.”

तोंगाइ धुक्याकडे पाहत बोलला. बाप खाणीत कामाला दक्षिणेत गेला तो गेलाच. आई माहेरी आली. ते घर डोहाचं, सावे नदीकाठचं. तिथे मासळी कधी शिजली नाही, त्यामुळे त्याला ती गिळवत नाही. आणि आजीला येत होती ती एकच स्तुती. त्याने शेण काढलं, पाणी आणलं, की आभार म्हणून ती त्याला डोहाचीच स्तुती ऐकवायची. “एलंडचे पहिले शब्द आईने शिकवले. पुढचे तिलाही येत नव्हते. जीभ आपोआप तिकडे वळते, आत्याबाई.”

धुकं तिघांवरून गेलं. ओले तिघेही झाले; नाहीसं कुणी झालं नाही.

स्विनुराइ विचार करत होती. लबाड माणूस स्तुती पाठ करून आला असता, तीही बिनचूक. असली चूक करायला आजीच लागते. तिला हे पटलं, आणि पटल्याचा थोडा रागही आला.

“म्हणजे तुझी आई आमच्या कुळाची. मग ही तुझी मावशी झाली.”

“मी कुणाची मावशीबिवशी होणार नाही!” चेनेसाइ ओरडली.

“गप. हा स्वतः एलंडचा, डोहाशी याचं नातं फक्त आईकडून, तेही लांबच्या सावेकाठचं. असलं नातं तोडायला मुलाकडून एक गाय देतात, ती दिली की झालं. तोवर याने तुला मावशीच म्हणायचं.”

“बरं, मावशी,” तोंगाइ तिला गंभीरपणे म्हणाला, आणि चेनेसाइने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“हसू नका. आजीकडे मी स्वतः जाऊन विचारणार आहे.” स्विनुराइ उतरायला लागली आणि वळली. “आणि तू माझ्या पुढे चाल, मला दिसशील असा. म्हण माझ्यामागून. तांबूस अंगाच्या.”

“तांबूस अंगाच्या.”

“कळपाच्या पुढे चालणाऱ्या, मागच्याला विसरू नकोस.”

“मागच्याला विसरू नकोस.”

“घाईने नको. माझ्या भावासमोर म्हणायचंय तुला.”