एकादशीला चालणारं शेवाळ

दुकानात चायना ग्रासचं पाकीट दिसलं की मी अजूनही घेते आणि मला वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतली गच्ची आठवते. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी वर्ध्यात एम. फार्म. करत होते आणि तिथे एका किराणा दुकानदाराच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. समुद्री शेवाळातून सूज उतरवणारी द्रव्यं काढून उंदरांवर तपासायची, हा माझा विषय. वर्गातली मुलं म्हणायची, "संत्र्याची सालं सोडून हिला समुद्र सुचला!"

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मी दोन गोण्या शेवाळ आणलं. निथळलेलं होतं, तरी दमटच. कडक उन्हात टाकलं तर हवी ती द्रव्यं जाण्याची भीती, गोणीत ठेवलं तर सडणार. आणि सडलं की वर्ष वाया. कॉलेजात मोकळी सावली नव्हती, म्हणून घरमालकीण काकूंच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली जुन्या चादरींवर पसरलं.

संध्याकाळी काकू कठडा धरत वर आल्या. त्यांचे गुडघे कायम सुजलेले, त्यामुळे त्यांनी जिना चढणं म्हणजे प्रकरण गंभीर.

"काय वं पोरी, माह्या घरात बोंबील वाळवून राह्यली?"

"वनस्पती आहे काकू. समुद्रातलं शेवाळ."

"समुद्रातून येते, वास मारते, अन् म्हणे वनस्पती! शेजारीण इचारून राह्यली, तुमच्याकडे कधीपासून चालते म्हणून. उचल हे."

वास येत होता, ते मी नाकारू शकत नव्हते. वाद न घालता त्यांना खाली नेलं आणि त्यांच्याच फडताळातलं चायना ग्रास दाखवलं. एकादशीला काकू ते दुधात शिजवून, ताटात ओतून, गार झालं की वड्या पाडायच्या. मलाही द्यायच्या.

"हेही समुद्री शेवाळापासूनच करतात."

काकूंनी पाकीट उलटंपालटं केलं, हुंगलं. शेवाळ बोंबलाच्या जातीचं ठरवलं, तर त्यांच्या इतक्या वर्षांच्या एकादश्या बुडत होत्या.

"वनस्पतीच हाय," त्यांनी निकाल दिला. "राहू दे वरतं. शेजारणीले मी सांगतो."

शेवाळ नीट वाळलं. तोवर जिन्याखालून रोज हाक यायची, "बोंबील पलटवले का वं?" समुद्रापासून इतक्या दूर त्या गच्चीवर खारट वास दरवळायचा. मला तो आवडायला लागला होता.

मग अर्क काढला. उंदराच्या पंजाला सूज आणायला आम्ही जे टोचायचो, तेही दुसऱ्या एका समुद्री शेवाळातून काढलेलं. ते ऐकून काकू म्हणाल्या, "एकाच घरातली एक सासू, एक सून." अर्काने सूज उतरली. नेहमीच्या औषधाइतकी नाही, पण उतरली. मी पेढे घेऊन खाली गेले.

काकूंनी पेढा बाजूला ठेवला आणि पाय पुढे केला. "मंग लाव न मले."

"नाही काकू. माणसांवर अजून तपासलेलं नाही."

"माह्या गच्चीवर वाळलं, अन् उंदराले चालते, मले नाई?"

"नाही."

त्या रुसल्या. मी परसातला, सुजेवर घरोघरी बांधतात तो निर्गुडीचा पाला तव्यावर गरम केला आणि त्यांच्या गुडघ्यांना बांधायला बसले. दुसऱ्या गुडघ्याची गाठ मारून झाल्यावर त्यांनी ती चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "हे कोन्या उंदरावर पाह्यलं होतं वं?"