नर्सबाईचं घर

शहापूरच्या जुन्या बाजारातल्या त्या घरात आम्ही भाड्यानं गेलो, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. खाली आमच्या दोन खोल्या, वर माडीवर मालक एकटेच. पासष्टीचे, कमी बोलणारे. मी त्यांना काका म्हणायचे.

पूर्वी तळमजल्यावर भाताचं गोदाम होतं, मग काही वर्षं मराठी शाळेचे दोन वर्ग भरले. नंतर वीसेक वर्षं तिथं एक नर्सबाई राहिल्या. सरकारी नोकरी सांभाळून त्या घरीही बाळंतपणं करायच्या. आम्ही यायच्या तीन वर्षं आधी त्या खोल्या सोडून मुरबाडला भाचीकडे गेल्या होत्या. तरी पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळे त्याला नर्सबाईचंच घर म्हणत. काकांसमोर मात्र कुणी तसं म्हणत नसे. म्हटलं की ते उठून आत जात.

भाद्रपदातली दुपार होती. हे कल्याणला कामावर गेले होते. दारात जीप थांबली आणि कुणीतरी जोरजोरात कडी वाजवू लागलं.

दार उघडलं तर समोर एक म्हातारी. मागं ओट्यावर तिची सून, अठरा-एकोणीसची, दोन्ही हातांनी खांब धरून बसलेली. लुगडं गुडघ्यापासून खाली भिजलेलं. डोळखांबच्या वरच्या पाड्यातून आल्या होत्या दोघी.

"बाय कुठंय?" म्हातारीनं विचारलं.

"त्या इथं नाहीत आता. मुरबाडला गेल्या. तुम्ही दवाखान्यात न्या हिला, पुढंच आहे."

"नाय गो. माझी तिनी पोरां हितंच झाली. बायला हाक मार."

मी पुन्हा सांगितलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात सून अशी किंचाळली की जीपवालाही खाली उतरला. आम्ही तिघांनी तिला उचलायचा प्रयत्न केला. ती उठेचना.

"तू दवाखान्यात जा आणि तिथल्या सिस्टरना घेऊन ये," मी जीपवाल्याला म्हटलं. तो गेला. समोरच्या दुकानांतली माणसं बघायला लागली होती.

"आत घेऊ नका तिला."

वळून पाहिलं तर काका जिन्यात उभे. चेहरा पांढराफटक.

"काका, ती रस्त्यावर कशी..."

"मी सांगतोय ना, आत घ्यायची नाय! काय झालं तर कोण निस्तरणार? घेतलीत तर तुमी इथं ऱ्हायचं नाय."

मला तिसरा महिना लागला होता. घरात अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, दार लावून घ्यावं. मग त्या मुलीनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. मी काकांकडे न बघता तिच्या काखेत हात घातला. म्हातारीनं पाय उचलले. उंबरा ओलांडून आम्ही तिला माझ्या चटईवर आणलं.

पुढचं सगळं म्हातारीनंच केलं. तिनं पाणी तापवायला सांगितलं, नवी ब्लेड मागितली, दोरा उकळवून घेतला. मी मुलीचे खांदे धरून बसले. म्हातारीनं एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुलाबी दिवस गेलंत ना? मग तोंड तिकडं फिरव."

मी नाही फिरवलं.

मूल बाहेर आलं ते निळसर. नाळेचा वेढा मानेला. म्हातारीनं बोटानं वेढा सोडवला, तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळायला लागली. मूल रडत नव्हतं. सून विचारत होती, "काय झालां? काय झालां गो?" म्हातारी चोळतच राहिली. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. पुन्हा एक. आणि मग पोर ओरडलं.

सिस्टर पोहोचल्या तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून रडत होती. जीपमधून तिघांना दवाखान्यात नेलं. मुलगी होती. वाचली. आईही वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी जिन्यातूनच सांगितलं, "महिन्याभरात दुसरी जागा बघा."

मी संतापले. काकांचं नर्सबाईंशी काय बिनसलं होतं ते विचारायला पुढच्या रविवारी यांना घेऊन मुरबाडला गेले. नर्सबाई भाचीच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"त्यांची एकुलती एक लेक त्याच खोल्यांत, बाळंतपणात माझ्याच हाताखाली गेली," त्या म्हणाल्या. "रक्त थांबेना. मी म्हटलं, कल्याणला न्या. ते गाडी शोधायला गेले. अर्ध्या दिवसानं गाडी घेऊन आले, तोवर सगळं संपलं होतं. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण पुढं खाली कुणी बाई कळा देऊ लागली की ते चप्पल घालून निघून जायचे, ते रात्रीच परतायचे. किती वर्षं बघणार मी ते? शेवटी मीच जागा सोडली."

घरी आल्यावर मी माडीवर गेले. काका खिडकीशी बसले होते. "मी मुरबाडला जाऊन आले," मी म्हटलं.

"तुमी चुकलात असं मी म्हणत नाय," ते म्हणाले. "त्या दिवशी मी जिन्यातच बसलो होतो. पोर रडेपर्यंत हललो नाय. पण मला ते परत ऐकायचं नाय. आणि आता तुमचेबी दिवस भरत जातील."

त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. महिना संपायच्या आत आम्ही आसनगावला राहायला गेलो. सामान टेम्पोत चढवताना ते खाली आले आणि माझ्या हातातली जड पेटी त्यांनी न बोलता काढून घेतली.