फुल बाहीचा धोटा

त्याने पहिल्यांदा माझ्या फाटकाच्या खांबावर थाप मारली तेव्हा मी त्याला शिवी दिली. नुकतं उजाडत होतं. मी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. एक किडकिडीत, चाळिशीतला माणूस हायवेकडून धावत आला, खांबावर फाडकन हात मारला, तोंड फिरवलं आणि आला तसा पळत गेला. मला वाटलं, रात्रीची उतरली नसेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी तयारच होतो.

"काय रं, खांबात देव दिसला का तुला?"

तो जागच्या जागी पाय नाचवत राहिला. "चाचा, हात लावल्याशिवाय फेरी धरत नाय."

"कोण धरत न्हाय?"

"मीच," म्हणाला आणि गेला.

त्याचं नाव इक्बाल. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला. नारपोलीत लूमवर कारीगर होता. शुक्रवारी लूम बंद, म्हणून त्या दिवशी तो नारपोलीहून आमच्या वडप्यापर्यंत पळत यायचा आणि जुम्म्याच्या नमाजाआधी घरी पोचायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे, म्हणून मी त्याला धोटा म्हणायला लागलो आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं. लूमवर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन सारखा ये-जा करतो तो लाकडी धोटा. मी शेतकरी माणूस, पण भिवंडीत जन्म काढून धोटा कोणाला ठाऊक नाही? त्याला नाव आवडलं. वर मलाच शिकवलं. "धोटा लूमच्या कडेच्या पेटीत जाऊन आपटला पायजे चाचा. मधनंच फिरला तर लूम जागेवर अडतो. तुमचा खांब म्हणजे माझी पेटी." एवढं सांगितल्यावर शिवी कशी देणार?

बोलणं त्याचं नेहमी ओरडून. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलं की माणूस बायकोला मीठ मागायचं तरी शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं मागतो. माझेही कान गेलेले, त्यामुळे आमचं बरं जमलं. सून म्हणायची, "तुमचं दोघांचं बोलणं चाललं की वाटतं भांडण लागलं."

एकदा मी विचारलं, "अरे, दिवसभर लूमवर उभा राहतोस. सुट्टीला झोपायचं सोडून पळतोस कशाला?"

"दिवसभर चालतो चाचा, चार लूमच्या मधल्या बोळात. पोचत कुठंच नाय."

हे त्याचं वाक्य मी पुढे पुष्कळ लोकांना सांगितलं. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण तेव्हा मीही कुठे पोचत नव्हतो.

आदल्या वर्षी माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं परत आलं, हात परत आला, पाय मात्र मागे राहिला. डॉक्टरने चालायला सांगितलं. मुलाने लोखंडी वॉकर आणून दिला, तो मी कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिला. ज्या रस्त्याने मी भाताच्या गाड्या हाकल्या, ज्या रस्त्यावर आज माझ्याच जमिनीवरच्या गोडाऊनचे वॉचमन मला उठून नमस्कार करतात, त्या रस्त्याने मी लोखंडी चौकट ढकलत जाऊ? डॉक्टर बोलला, मुलगा बोलला, सून रडली. मी फाटकाच्या आत बसून राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा मालक ऐटीत बसलाय. बसण्यात माझी ऐट होती, हे खरंच. उठण्यात नव्हती.

मग एका शुक्रवारी धोट्याने खांबाला थाप मारली आणि पाणी मागितलं.

"मडकं तिथं हाय, घे," मी म्हटलं.

"थांबता येत नाय चाचा. थांबलो की पाय बंद पडतात, मग चालू करायला मिस्त्री बोलवावा लागतो. तुम्ही तांब्या धरून उभे रहा, मी पळतापळता घेतो."

घरी आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि तांब्या पुढे केला. पाणी त्याच्या तोंडात थोडं आणि शर्टावर जास्त गेलं. पण घेतलं त्याने.

दोन आठवड्यांनी म्हणाला, "चाचा, आता फेरी वाढवायची हाय. पाणी जरा पुढं लागेल. गोडाऊनच्या गेटापर्यंत आणाल?" मी कुंपणाच्या भिंतीला हात लावत लावत गेलो. वॉचमन खुर्ची घेऊन धावला, त्याला मी डोळ्यांनीच परत पाठवलं. पुढे पाणी पिंपळापर्यंत लागायला लागलं. मग रस्त्याखालच्या मोरीपर्यंत. त्याची फेरी लांबत गेली तसं पाणी पुढे सरकत गेलं आणि पाण्याबरोबर मी. तो मला चालवतोय हे मला कळत नव्हतं असं कोणी समजू नये. मला कळत होतं. मला कळतंय हे त्यालाही कळत होतं. दोघंही त्यावर एक शब्द बोललो नाही, म्हणूनच ते टिकलं.

सून एकदा म्हणाली, "बाबा, आम्ही वर्षभर सांगितलं तर ऐकलं नाही. त्या पळणाऱ्यासाठी बरे उठता."

"तुम्ही चाल म्हणता. तो पाणी मागतो," मी म्हटलं.

आता फुल बाहीची गोष्ट. त्याच्या मनात होतं की मुंबईत मोठी शर्यत असते, तिच्यात एकदा पळायचं. मोबाइलच्या दुकानात जाऊन त्याने नाव भरलं. दुकानदाराने विचारलं, "हाफ की फुल?" आता भिवंडी पडली कापडाची. इथे हाफ आणि फुल म्हणजे बाही, दुसरं काय? शर्यतीत टी-शर्ट देतात एवढं त्याने ऐकलं होतं. "फुल," म्हणाला, "पहाटे थंडी असते." नाव गेलं. हाफ म्हणजे अर्धी मॅरेथॉन आणि फुल म्हणजे बेचाळीस किलोमीटर, हे त्याला नंतर कोणीतरी सांगितलं.

त्या दिवशी तो पळत आला नाही, चालत आला. खांबालाही हात लावला नाही. "चाचा, घोटाळा झाला. मी बाही सांगितली, त्यानं बेचाळीस लिवले."

वारं गेल्यापासून मी तसा हसलो नव्हतो. सून आतून धावत आली, तिला वाटलं मला पुन्हा काही झालं.

"हसा," तो म्हणाला. "आता नाव बदलत नाय म्हणतात. सोडून देतो. नारपोलीत समदे विचारतात, काय धोटा, बाही किती लांब हाय?"

मी जन्मात हाफ बाही घातलेली नाही. वैशाखातसुद्धा फुल बाही, आणि मनगटाला बटण लावलेलं. बटण लावायला उजवा हात साथ देईना तेव्हाही मी सुनेकडून लावून घेतलं, बाही दुमडली नाही. मी म्हटलं, "तोंडातून एकदा फुल गेलं ना? मग फुलच. आता काय हाफवर उतरतोस?"

त्याने खांबाला हात लावला. मग म्हणाला, "तर मग तुमी पण ओढ्याच्या पुलापर्यंत यायचं. मी पळायला लागलो की थांबणार नाय. तुमी उभे राहिलात की बसायचं नाय."

"बसलो तर?"

"तर मी पण थांबलो समजा."

अशी आमची बोली झाली.

त्यानंतर त्याने जे पळून घेतलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कामावर जायच्या आधी पळायचा, काम सुटल्यावर पळायचा. ट्रकवाले खिडकीतून विचारायचे, "पीछे कौन लगा है भाई?" एका शुक्रवारी गणेशपुरीपर्यंत धावत गेला, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी पाय शेकत बसला आणि एसटीने परत आला. कंडक्टरने म्हणे त्याला पाहून आधी विचारलं, "आजारी आहेस का?" मधेच कधी पोटरीत गोळा यायचा. तेव्हा तो अंगठा आणि बोट चिमटीसारखं जुळवून मला लांबूनच खूण करायचा. लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ते लोक हातांनी बोलतात. ती खूण म्हणजे धागा तुटला. पण वाकून पोटरी चोळायचा आणि पाय सोडायचा. "धागा तुटायचाच चाचा. तुटला की गाठ मारायची. लूमसमोर बसून रडलं तर कापड कोण काढणार?"

ओढ्याच्या पुलापर्यंत मी पोचलो तो दिवस कोणता ते आठवत नाही. वॉकर नाही, काठी नाही, एका हातात तांब्या. तो पुलावर आला, पाणी प्यायला, कठड्याला हात लावला आणि काही न बोलता वळला. कौतुक केलं असतं तर मी चिडलो असतो. त्याला ते माहीत होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो टी-शर्ट घेऊन आला. चेहरा बघण्यासारखा. "बघा चाचा. पळायचं फुल आणि दिली हाफ. समद्यांना हाफच हाय." त्याच्या बायकोने मग लूमच्या शेठकडून मागून आणलेल्या कापडाचा शर्ट रातोरात शिवला. कापड त्याच्याच लूमवर निघालेलं. फुल बाही.

मी म्हटलं, मी येणार. तो म्हणाला, "तिथं पाणी देतात चाचा, जागोजागी."

"देऊ देत. तुझं पाणी माझ्याकडं हाय."

मुलाने पहाटेच गाडी काढली. शेवटच्या रेषेपाशी लोखंडी जाळ्या लावल्या होत्या, तिथे मी तांब्या घेऊन उभा राहिलो. पोरं येत गेली, गोरेगोमटे लोक येत गेले, गळ्यात मेडलं पडत गेली. ऊन चढलं. धोटा येईना. माझा उजवा पाय थरथरायला लागला. कामावरच्या एका मुलीने खुर्ची आणली, "आजोबा, बसा ना." मी नाही म्हटलं. ती दुसऱ्यांदा आली. मी नाही म्हटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला केव्हाच गाडीत घालून नेलं असेल. चला आता." समोर माणसं जाळ्या उचलायला लागली होती. मी म्हटलं, "तो थांबला असता तर मला कळलं असतं." कसं कळलं असतं ते विचारू नका. मी बसलो नव्हतो, एवढंच मला माहीत होतं. मी बसलो असतो तर तो तिकडे कुठेतरी थांबला असता, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग लांबून पांढऱ्या बाह्या दिसल्या. पळणं म्हणावं असं ते राहिलंच नव्हतं. डावा पाय ओढत होता, मी उजवा ओढतो तसाच. मला पाहिलं तसा हात वर करून चिमटीची खूण केली. धागा तुटला. मी माझा उजवा हात उचलला आणि त्याला गाठ मारायची खूण केली. ती मला कोणी शिकवलेली नव्हती. तो हसला. दात दिसले. रेषा ओलांडली, गळ्यात कोणी काय घालतंय तिकडे बघितलंही नाही, तसाच जाळीपाशी आला आणि माझ्या उजव्या खांद्यावर फाडकन थाप मारली. खांबावर मारायचा तशीच.

वारं गेल्यापासून तो खांदा मुका होता. ती थाप मला लागली. मी हललो नाही.

मग त्याने तांब्या घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा तो थांबून पाणी प्यायला.

पुढच्या वर्षी त्याच्या शेठने लूम भंगारात काढले आणि शेड विकली. धोटा मेहुण्याच्या ओळखीने मस्कतला गेला, गोडाऊनमध्ये कामाला. आमच्या वडप्यात एवढी गोडाऊनं उभी आणि हा गोडाऊनसाठी समुद्रापलीकडे गेला, याचा मला राग आला. तो मी त्याला बोलून दाखवला. तो म्हणाला, "धोटा हाय चाचा. तिकडं पेटीला हात लावून परत येतो." जाताना तो शर्यतीचा टी-शर्ट माझ्या खुर्चीवर ठेवून गेला. मी म्हटलं, "मी हाफ बाही घालत न्हाय." म्हणाला, "ठेवा तर."

आभार मानायची आमच्यात पद्धत नाही. त्याच्या तोंडावर तर मी मेलो तरी मानले नसते. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी म्हटलं, माझा माणूस आहे, मीच लिहीन. चौथी शिकलोय, तेवढ्यात होईल. अक्षर वाकडं आहे, उजवा हात अजून पुरता ऐकत नाही. पण कोणाचा आधार न घेता ओढ्याच्या पुलापर्यंत जातो आणि येतो, ते त्याच्यामुळे. हे कागदावर असलेलं बरं.

शुक्रवारी त्याचा फोन येतो. तिकडून तो ओरडतो, इकडून मी ओरडतो. तिकडे पळायला रस्ते मोठे आहेत म्हणतो, सावली नाही. मग विचारतो, "पाणी कुठवर गेलं चाचा?"

मागच्या शुक्रवारी मी म्हटलं, "पुलापर्यंत."

"काय घालून गेलात?"

सून शेजारी उभी होती, ती तोंड फिरवून हसायला लागली. मी कोपरापासून उघड्या माझ्या हाताकडे बघितलं.

"बरं, ते राहू दे," तो म्हणाला. "हात लावलात?"

"लावला," मी म्हटलं.