सावंतांच्या मुंग्यांचं ॲसिड

सावंत गेल्याची तार कंपनीत आली, तेव्हा माझ्या मनात आधी दुःख आलं नाही, संशय आला. रजा काढून गावी गेलेला धडधाकट माणूस असा जातो कसा? कोणी काही लपवतंय का?... माझा स्वभावच तसा. आज महिना होत आला, म्हणून कबूल करतो.

चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर, सावंत फिटर, मूळचे मालवणकडचे. दिलेला हातमोजासुद्धा मी उलटसुलट बघून परत घ्यायचो. त्यामुळे कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नसे. बारा वर्षांपूर्वी स्टोअरमधल्या, रंगाला लागणाऱ्या फॉर्मिक ॲसिडच्या दोन बाटल्या कमी भरल्या, आणि त्याच आठवड्यात सावंतांच्या पिशवीला तसाच झोंबरा, आंबूस वास आला. मी साहेबांना गुपचूप त्यांचं नाव सांगितलं. शिफ्ट सुटताना गेटवर झडती झाली आणि पिशवीतून छोटी बाटली निघाली.

पहारेकऱ्याने हुंगून तोंड फिरवलं. "ह्ये तर ॲसिडच हाय की राव!"

"आहेच. पण मुंग्यांचं," सावंत म्हणाले. "आईचं नाक चोंदतं. आमच्याकडे आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या चुरडून हुंगायला देतात."

सगळे हसले. साहेब घरी बसवायची भाषा करू लागले, तेव्हा सावंतांनी कुंपणावरचं गोकर्णाचं निळं फूल तोडलं. आवारातल्या आंब्यावर मुंग्यांनी पानं चिकटवून घरटं केलं होतं, ते काठीने डिवचलं आणि फूल त्यावर धरलं. मुंग्यांनी पोटं उचलून फवारे सोडले. निळ्या पाकळीवर ॲसिडने उमटतात तसे गुलाबी ठिपके उमटले... साहेबांनी बाटली परत दिली. मी मात्र मनात म्हणत होतो, मुंग्यांत असेल हेच ॲसिड, पण बाटलीतलं आमचं नाही कशावरून?

चार दिवसांनी दोन्ही बाटल्या दुसऱ्या खात्यात सापडल्या, चिठ्ठी न देता नेलेल्या. मी सावंतांपाशी चकार शब्द काढला नाही. ते मात्र डबा घेऊन रोज माझ्यासमोर बसू लागले. हा का आला? डूख धरून आहे का? बारा वर्षं मी त्यांनी वाढलेल्या आमटीकडेही संशयाने पाहिलं. ते आपले गावच्या काजूंचं, आईच्या नाकाचं सांगत राहिले.

परवा सावंतांच्या पत्नी, वहिनी, त्यांची इथली खोली रिकामी करायला आल्या. मी मदतीला गेलो; सामान बांधताना मला राहवलं नाही. "वहिनी, तेव्हा त्यांचं नाव मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. त्यांनी त्याच दिवशी ओळखलं होतं."

"मग माझ्याबरोबर जेवायला कसे बसायचे?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, सगळ्या जगाचा संशय घेऊन त्या एकट्याला घास उतरायचा कसा..."

वहिनींनी दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं. मी ते धरून उभा राहिलो... ओढायचंही सुचेना.