माझं रिकामं वर्ष आणि बाबांचं कपाळ

नऊ दिवस उशिरा जन्मल्यामुळे मला डॉक्टर व्हायला एक वर्ष उशीर झाला.

मेडिकलच्या परीक्षेला बसायचं तर एकतीस डिसेंबरला सतरा वर्षं पूर्ण हवीत, असा नियम होता. माझा जन्म नऊ जानेवारीचा. फॉर्म परत आला. ऐंशीच्या दशकातलं आमचं सौसर, छिंदवाड्याकडचं गाव. तिथे निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जुलैला असायचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तर सोयीची तारीख टाकत. पण माझे बाबा स्वतःच मास्तर. त्यांनी पोटच्या पोरीची तारीख तेवढी खरी लिहिली. (गावाच्या बाकी तारखा त्यांच्याच हातच्या होत्या, याची आईनं त्या आठवड्यात त्यांना चार-पाचदा आठवण करून दिली.)

आता वर्षभर करायचं काय, यावर बैठक बसली. पांढुर्ण्याहून बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, आणि मोठी आई मुद्दाम आले.

"छिंदवाड्याले बीएस्सीले टाकून दे," मोठे बाबा म्हणाले.

"त्यापेक्षा लग्न करून टाका," मोठी आई म्हणाली. "एक वर्ष रिकामंच हाय न."

"एका वर्षापुरतं?" मी विचारलं.

मग मीच सांगून टाकलं, की मी मोठ्या बाबांकडे राहीन आणि पांढुर्ण्यातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून काम शिकीन. डॉक्टर मोठ्या बाबांच्या ओळखीचे होते.

"महिनाभर पाहू," बाबा म्हणाले. "नाई जमलं तर मोठ्या आईचं ऐका लागन."

मला रक्त पाहून चक्कर येते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिल्या दिवशी तिगावचे गणपतराव नावाचे शेतकरी विळ्यानं बोट कापून घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "हा ट्रे धर." मी ट्रे धरला, बोटाकडे पाहिलं, आणि त्यानंतर पाहिलं ते एकदम छत. गणपतराव चांगल्या हातानं मला खांद्यावरच्या दुपट्ट्यानं वारा घालत होते. "पोरगी जेवली नाई वाटते," ते काळजीनं म्हणाले. त्यांचं बोट अजून तसंच गळत होतं, म्हणून मी पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी एका गळवापायी पडले. तिसऱ्या दिवशी नुसत्या इंजेक्शनपायी, तेही दुसऱ्याला दिलेल्या. आठवड्याभरात कंपाउंडरनं कोपऱ्यात माझ्यासाठी गादीच टाकून ठेवली.

"डॉक्टरसायेब, ह्या बाईले काय झालं हाय?" पेशंट विचारायचे.

"ती डॉक्टर होऊन राहिली," डॉक्टर सांगायचे. पेशंट बाकावर जरा लांब सरकून बसायचे.

एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, मी घरी जाते. डॉक्टर म्हणाले, "मीही पहिल्या वर्षी मुडद्यापाशी पडलो होतो. पडणं बंद होते. पण त्यासाठी रोज यावं लागते." म्हणून मी रोज जात राहिले आणि पडत राहिले.

इकडे गणपतराव कामानिमित्त सौसरला गेले आणि बस स्टँडवर बाबांना भेटले. "मास्तर, तुमची पोरगी दवाखान्यात पडून असते," ते म्हणाले. सांगितलं ते अगदी खरं, पण बाबांनी ऐकलं ते भलतंच. ते तसेच पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढले. वाटेत जामसांवलीच्या मारुतीला हात जोडले, की पोरीला उभी कर. (तो मारुती स्वतःच आडवा निजलेला आहे. त्याला यात घाई करण्यासारखं काही वाटलं नसावं.)

बाबा धापा टाकत दवाखान्यात शिरले, तेव्हा डॉक्टर एका बाईच्या टाचेला टाके घालत होते आणि मी भिंतीला टेकून, छताकडे पाहत ट्रे धरून होते.

"अरे, तू तं उभी हायस," बाबा म्हणाले. मग त्यांची नजर टाचेकडे गेली. चेहरा खडूसारखा पांढरा झाला आणि ते बाकाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटून खाली आले.

माझं घराणं कोणतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"माझा हात अडकला हाय," डॉक्टर म्हणाले. "तूच पाहा."

बाबांच्या कपाळातून रक्त येत होतं. मी ते पाहिलं, आणि पडायचं राहूनच गेलं. आधी त्यांना माझ्या गादीवर ओढलं, जखम पुसली, कापूस ठेवला आणि पट्टी बांधायला लागले. बांधता बांधता इतका उत्साह आला, की जखम होती अर्ध्या इंचाची आणि बांधून झालं तेव्हा पट्टीची अख्खी गुंडाळी संपली होती.

थोड्या वेळानं बाबा उठून बसले. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "बाबा, राहू न मी वर्षभर इथंच?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोनदा मान हलवली. माझे डोळे भरून आले. मी वर्षभर राहिले, पडणं हळूहळू कमी झालं, आणि पुढच्या खेपेला मेडिकलला लागलेही.

त्या होकाराचं खरं कारण मला दिवाळीत आईकडून कळलं. त्या दिवशी घरी तिनं पट्टी सोडली, तेव्हा आतून बाबांचे दोन्ही कान निघाले.

"पोरीचं काय ठरलं?" तिनं विचारलं होतं.

"ठरलं कुठं?" बाबा म्हणाले. "तिनं चहा विचारला, मी हो म्हटलं. चहा काही देल्ला नाई तिनं."